साचेखात्यातली व्हिस्की

परवा रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. तिला कुठून तरी बातमी लागली होती.

"तू म्हणे दारूवर लिहिणार आहेस?"

"दारूवर नाही गं आत्या, एका व्हिस्कीवर."

"तेच ते. आपल्या घरात?"

या शेवटच्या दोन शब्दांत काय काय आहे ते घरच्यांना लगेच कळलं असेल. बाकीच्या मंडळींना पुढे सांगतोच. पण आत्याला म्हटलं, आधी लिहितो, मग तू वाच, मग मला जे बोलायचं ते बोल. तर आत्या, हे घे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी काही मोठा पिणारा नाही. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा, रात्री जेवणाआधी एक छोटा पेग. माझ्याकडे रीतसर परवाना आहे. (आपल्या महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना "आरोग्य राखण्यासाठी" मिळतो, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी एकदा त्यावरचा मजकूर वाचावा. सरकारी विनोदाचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.) पण गेली दहा-बारा वर्षं सिंगल माल्ट या प्रकाराचा नाद लागला आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पात्रांत गाळलेली व्हिस्की. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ती स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरलेली हवी. नाद म्हणजे पिण्याचा कमी आणि वाचण्याचा जास्त. बाटली वर्षभर पुरते, वाचन पुरत नाही.

तर यातली माझी आवडती कोणती, असं कुणी विचारलं तर मी "डीन्स्टन" म्हणतो आणि समोरचा म्हणतो, "कोण?" जाणकार असेल तर जरा सभ्यपणे म्हणतो, "हां, ठीक आहे." या "ठीक आहे"वरच माझा राग आहे आणि आज तो काढायचा आहे.

आधी चवीचं बोलू. डीन्स्टनची बारा वर्षांची बाटली घ्या. रंग पिकलेल्या गव्हाच्या काडीसारखा फिकट. ग्लास नाकाजवळ नेला की पहिल्यांदा येतो तो मध, पण नुसता मध नाही, पोळ्यासकट मध. म्हणजे मेणाचा वास. त्यामागे संत्र्याची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा एक उडता वास. मग भाजलेलं धान्य. आमच्याकडे उन्हाळ्यात सातूचं पीठ करायला आई गहू भाजायची तेव्हा स्वयंपाकघरात जो वास भरून राहायचा, अगदी त्याच जातीचा. तोंडात घेतली की ती जिभेला चिकटून राहते, पातळ वाटत नाही. गोडसर, मग आलेपाकाची हलकी झणझण, आणि गिळल्यावर मागे लवंग चघळल्यासारखं थोडं कोरडं, थोडं बधिर. चार थेंब पाणी घाला, संत्रं पुढे येतं. बर्फ घालू नका. घातलात तर माझं काही जात नाही, पण मेण गेलं की मग ती कुठलीही व्हिस्की आहे.

हे मेणाचं प्रकरण महत्त्वाचं आहे. व्हिस्कीत काही तेलकट घटक असतात. तिचा जोर 46 टक्क्यांच्या खाली आणला आणि ती थंड झाली की हे घटक गोठून व्हिस्की धुरकट दिसते. गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब आहे. म्हणून बहुतेक कारखाने ती भरण्यापूर्वी शून्य अंशाच्या आसपास थंड करून गाळून घेतात. दिसायला चकचकीत, पण त्या गाळणीत थोडी चवही जाते आणि जिभेवरचा तो जाडपणाही जातो. वर पुन्हा रंग सारखा दिसावा म्हणून कॅरॅमल घालायचीही परवानगी आहे. डीन्स्टन यातलं काही करत नाही. 46.3 टक्के, थंड गाळणी नाही, रंग नाही. धुरकट दिसली तर दिसू दे!

मात्र हे नेहमीच असं नव्हतं, आणि तिची पत कमी राहण्याचं एक खरं कारण इथे आहे. पूर्वी डीन्स्टन 40 टक्क्यांवर, थंड गाळून भरली जायची. त्या काळात ती ज्यांनी चाखली त्यांनी "पातळ" असा शेरा मारला, आणि तेव्हा तो बरोबरच होता. बराचसा माल तर "स्कॉटिश लीडर"सारख्या मिश्र व्हिस्कीत जायचा. पुढे, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस, मास्टर ब्लेंडर इयन मॅकमिलन यांच्या काळात हा बदल झाला. दारू तीच, पात्रं तीच, फक्त गाळणी काढली आणि पाणी कमी घातलं. पण माणसाबद्दल एकदा झालेलं मत जसं बदलत नाही, तसं बाटलीबद्दलचंही बदलत नाही.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. सिंगल माल्टच्या धंद्यात गोष्ट विकली जाते. समुद्रकिनारी वादळात उभी असलेली पांढरी डिस्टिलरी, पीटचा धूर, डोंगरात चोरून दारू गाळणारा पूर्वज, 1800 च्या आगेमागे कोरलेलं साल. डीन्स्टनकडे यातलं काहीच नाही. समुद्र नाही. पीटचा धूर नाही. पूर्वज चोर नाही. डिस्टिलरी म्हणून तिचा जन्म 1960 च्या दशकातला. आणि इमारत बघाल तर... कापडगिरणी.

हो, कापडगिरणी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. कारण मी गिरणगावातल्या घरातला. आबा, म्हणजे माझे आजोबा, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. तीस वर्षं साचे चालवून त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. बाबा लहानपणी त्यांचा डबा घेऊन गिरणीच्या दरवाजापर्यंत जायचे. मग ही व्हिस्की मला सोडवेना.

गेल्या वर्षी मे महिन्यात ग्लासगोला भाच्याकडे जाण्याचा योग आला. एक दिवस तो म्हणाला, मामा, डून कॅसल बघायचा का? मॉन्टी पायथनवाल्यांचा सिनेमा तिथे झाला होता. मी म्हटलं, बघू की. कॅसल बघितला, छान आहे. पण माझा डोळा नदीपलीकडे होता. डूनहून टीथ नदीचा पूल ओलांडला की मैलभरावर डीन्स्टन गाव. चालत गेलो. गावात शिरताच कामगारांची दगडी घरं, एका रांगेत, एका मापाची. माप वेगळं, दगड वेगळा, पण चाळ ती चाळच. ज्याने चाळ पाहिली आहे त्याला ती कुठेही ओळखू येते.

ही गिरणी 1785 सालची. सूत कातायची यंत्रं पाण्यावर चालवणाऱ्या रिचर्ड आर्कराइटचं नाव शाळेत सगळ्यांनी पाठ केलं असेल. त्याच्याशी संबंध असलेल्या जॉन ब्यूकॅनन आणि त्याच्या भावांनी ती टीथच्या काठावर उभारली, कारण ही नदी बारमाही आणि जोरकस. 1808 मध्ये ती ग्लासगोच्या जेम्स फिन्ले कंपनीने घेतली. जेम्स स्मिथ नावाचा एक हरहुन्नरी व्यवस्थापक तिथे बरीच वर्षं होता. शेतीची अवजारं, जमिनीतल्या पाण्याचा निचरा, गिरणीची यंत्रं, सगळ्यात त्याचं डोकं चालायचं. छत्तीस फूट व्यासाची प्रचंड पाणचक्की बसवली, तिचं नाव हर्क्युलिस. नाण्यांची टंचाई झाली तेव्हा परदेशी नाण्यांवर गिरणीचा शिक्का मारून ती पगारात दिली. ऐन भरात हजारभर माणसं कामाला, त्यांत बायका आणि लहान मुलं पुष्कळ. म्हणजे गोष्ट अगदीच गोड नाही.

आता जेम्स फिन्ले हे नाव परत वाचा. लालबाग-परळकडच्या मंडळींना ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल. फिन्ले मिल! तीच कंपनी. तिचा मालक कर्कमन फिन्ले हा ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारावरची मक्तेदारी मोडावी म्हणून झगडणाऱ्यांपैकी एक होता. 1813 मध्ये ती मोडली आणि स्कॉटलंडचं गिरणीचं कापड इकडे यायला वाट मोकळी झाली. इथल्या हातमागवाल्यांचं त्या कापडाने काय केलं ते आपण जाणतोच. पुढे याच कंपनीने मुंबईत गिरण्या चालवल्या. आबांची गिरणी ती नव्हती, पण त्यांच्या तोंडी "फिन्ले" हा शब्द शेजाऱ्याच्या आडनावासारखा यायचा. त्या शेजाऱ्याचं मूळ घर स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात आहे हे त्यांना कधी कळलं नाही. मला कळायला व्हिस्कीची बाटली लागली.

डीन्स्टनची गिरणी 1965 मध्ये बंद पडली. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुढची मात्र वेगळी आहे. फिन्ले कंपनी आणि व्हिस्कीच्या धंद्यातली ब्रॉडी हेपबर्न ही फर्म यांनी मिळून विचार केला की या इमारतीत काय आहे? तर चांगलं पाणी आहे, पाण्यावर चालणारी वीज आहे, जाड दगडी भिंती आहेत आणि हाताशी माणसं आहेत. डिस्टिलरीला आणखी काय लागतं? आतले मजले काढून तांब्याची चार पात्रं बसवली. आजही डिस्टिलरी टीथच्या पाण्यावर स्वतःची वीज करते आणि उरलेली बाहेर देते.

आत गेलो. बार्लीचं पीठ गरम पाण्यात मिसळण्याचं भलंमोठं बिडाचं भांडं, वरून उघडं. आजकाल बहुतेक ठिकाणी ते झाकलेलं असतं. आंबवण्याला घाई नाही, तीन दिवसांहून जास्त वेळ देतात. संगणकाचा पडदा कुठे दिसला नाही. एक माणूस झडप हाताने फिरवत होता आणि कान देऊन ऐकत होता. आबाही साचा असाच ऐकायचे म्हणे. पुढे ऐकू येईनासं झालं तेव्हा हात ठेवून बघायचे.

आणि मग आमच्या गाइड बाईंनी एक जड दार उघडलं.

आत साचेखातं होतं. म्हणजे आता ते गोदाम आहे, पण 1830 च्या दशकात ते विणकामासाठी बांधलं होतं. कमानींचं छत, ओळीने उभे खांब, अंधार, थंडावा आणि पिंपंच पिंपं. बाईंनी सांगितलं की या छतावर मातीचा थर घातलेला होता, म्हणजे आतली हवा बारा महिने सारखी थंड आणि दमट राहावी. सुताला ओल लागते. हवा कोरडी झाली की धागा तुटतो. आणि पिंपात मुरणाऱ्या दारूलाही नेमकं हेच हवं असतं, सारखं तापमान आणि ओलसर हवा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू हवेत उडते. त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. (गोव्यात किंवा बंगळुरात माल्ट मुरवणाऱ्यांना देवदूत कितीतरी जास्त लुबाडतात, कारण ऊन!) धागा तुटू नये म्हणून बांधलेली खोली दारू उडू नये म्हणून कामाला आली. मी त्या अंधारात उभा होतो आणि मला पिंपांच्या जागी साचे दिसत होते. भाचा म्हणाला, मामा, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, थंडी वाजतेय.

आता ज्या सालाबद्दल लिहिताना हात अडतो ते साल. 1982.

त्या वर्षी डीन्स्टन डिस्टिलरी बंद पडली. स्कॉटलंडमध्ये गरजेपेक्षा फार जास्त व्हिस्की साठली होती आणि मागणी उतरली होती. एकामागून एक डिस्टिलऱ्या बंद होत गेल्या. 1983 मध्ये पोर्ट एलन आणि ब्रोरा गेल्या. त्यांच्या उरलेल्या बाटल्यांच्या पुढे दंतकथा झाल्या, किमती लाखांत गेल्या. डीन्स्टनची दंतकथा काही झाली नाही. ती आठ-नऊ वर्षं मुकाट बंद राहिली. 1990 मध्ये बर्न स्टुअर्ट कंपनीने ती घेतली आणि पुढच्या वर्षी पात्रं पुन्हा तापली. नंतर मालक बदलले, पण भट्टी चालू राहिली. 2012 मध्ये आलेल्या केन लोच यांच्या "द एंजल्स शेअर" या सिनेमाचं काही चित्रीकरण इथे झालं होतं. तो सिनेमा ग्लासगोच्या बेकार पोरांचा आहे, त्यामुळे जागा योग्यच निवडली म्हणायची.

आणि त्याच 1982 च्या 18 जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली. त्यांतला एक माझा काका. बाबांचा धाकटा भाऊ, आत्याचा लाडका. वय तीस. संपात दीड वर्ष गावी काढलं, परत आला तर गिरणीने नव्याने घेतलं नाही. मग दूध टाकणं, वॉचमनगिरी, कुठे हमाली. मग संध्याकाळची एक क्वार्टर. मग दुपारचीही. 1991 मध्ये तो गेला. डॉक्टरांनी यकृताचं काहीतरी सांगितलं. आबा त्या दिवशी एकच वाक्य बोलले, "पोरगं रिकामं ठेवलं." कुणी ठेवलं ते बोलले नाहीत.

तर आत्या, "आपल्या घरात?" याचा अर्थ मला माहीत आहे. मी विसरलेलो नाही. आणि दारू चांगली असते, असं म्हणायलाही मी इथे बसलेलो नाही. महाग बाटलीतली दारू संस्कृती आणि देशीच्या गुत्त्यावरची दारू व्यसन, हा ढोंगीपणा मला मान्य नाही. काकाने प्यायली आणि मी पितो, दोन्हींत रसायन एकच आहे. फरक इतकाच की मला सकाळी उठून जायला काम आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. गिरणी बंद पडणं हे कुठेही टळलं नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. पण बंद गिरणीकडे बघून "इथे अजून काय करता येईल?" हा प्रश्न तिथे कुणीतरी विचारला. आपल्याकडे "ही जमीन केवढ्याला जाईल?" हा विचारला गेला. 1991 च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीत शहराचा आणि घरांचा वाटा ठेवला होता, 2001 मध्ये तोही बदलून नुसत्या मोकळ्या जागेपुरता केला. चिमण्या पाडल्या, मॉल झाले, टॉवर झाले. करवतीच्या दातांसारखी ती साचेखात्याची छपरं आता शोधून सापडत नाहीत. त्यांच्या आतली ओल कशाच्या कामी आली असती, हा विचार करायला कुणाला वेळच नव्हता.

आणि म्हणूनच डीन्स्टन मला मोठी वाटते. तिच्याकडे विकायला वादळ नाही, चोर पूर्वज नाही. कामाची जागा कामाचीच ठेवली, एवढीच तिची गोष्ट आहे, आणि अशा गोष्टीला बाजारात भाव नसतो. तिची चवही तशीच आहे. धान्य, मध, मेण. शेतातलं आणि घरातलं. धूर करून डोळे दिपवत नाही. साधारण पन्नास पौंडांच्या आतबाहेर मिळणारी, जशी गाळली तशी भरलेली व्हिस्की. "ठीक आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा शांतपणे बसून ती प्यावी, मग बोलू.

इथे थांबलो असतो तर लेख छान गोल झाला असता. पण बाबांनी तो होऊ दिला नाही.

मेच्या शेवटी परत आलो. बाटली टेबलावर ठेवली आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबा ऐंशीचे आहेत, आयुष्यात थेंब घेतलेला नाही. काकानंतर तर घरात बाटली आली की उठून आत जायचे. त्या दिवशी बसून राहिले. मातीच्या छताचं ऐकून म्हणाले, "बरोबर आहे. सूत तुटलं की साचा थांबतो, साचा थांबला की पगार थांबतो." मग ग्लास उचलला, नाकाजवळ धरला, बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. परत ठेवला आणि विचारलं,

"तिथे आता किती माणसं कामाला आहेत?"

मी म्हटलं, "थोडीच. गाळायला तर जेमतेम दहाएक."

"आणि आधी?"

"ऐन भरात हजारभर."

"मग बाकीच्यांचं काय झालं?"

मी गप्प. हा प्रश्न मी त्या गाइड बाईंना विचारलाच नव्हता. कमानी बघितल्या, पिंपं मोजली, पात्रांची उंची विचारली. हे विचारायचं सुचलं नाही. गिरणगावातल्या घरातला असून!

असो. बाटली अजून अर्धी आहे. आत्या, तू दिवाळीला येशील तेव्हा ती कपाटात आत ठेवलेली असेल. पण विषय निघाला तर मी काकाबद्दल बोलणार आहे, आणि तूही बोल. तेहतीस-चौतीस वर्षं झाली, त्याच्याबद्दल आपण कुणी धड बोललेलो नाही.